बॅटरी मे महिन्यात मरते, कळतं ऑक्टोबरात

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या घरच्या पेट्रोल हॅचबॅकची बॅटरी बदलली. घरची तपासणी, दिवाळीची सुट्टी, वॉरंटीचा दावा, प्रोराटाचा हिशेब आणि मग नवी बॅटरी असा सगळा कारभार झाला. कारची बॅटरी किती वर्षं टिकावी, असं सोलापुरात चार जणांना विचारलं तर तीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंत उत्तरं मिळतात. त्यामुळे बदलायची वेळ आली की माणूस गोंधळतो. एकतर चांगली बॅटरी भंगारात जाते, नाहीतर मेलेली बॅटरी ढकलत महिने काढले जातात. म्हणून हे सगळं क्रमाने, आकड्यांसकट लिहून ठेवतोय.

आधी जुन्या बॅटरीची कुंडली. १२ व्होल्ट, ३५ एएच (अँपिअर-तास, म्हणजे साठवणीची ताकद), ३८बी२०एल मापाची. २० मार्च २०२२ ला घेतलेली. वॉरंटी ४८ महिने, म्हणजे २४ अधिक २४. पहिल्या २४ महिन्यांत खराब झाली तर फुकट बदलून, पुढच्या २४ मध्ये प्रोराटा, म्हणजे वापरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने किमतीत सूट. गाडी बहुतेक गावातच फिरते, जुळे सोलापूर ते नवी पेठ, फार तर होटगी रोड. बॅटरीसाठी हा वापर वाईट. एकदा सेल्फ मारला की बॅटरीतून जेवढं जातं तेवढं ऑल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) परत भरतो खरा, पण दहा मिनिटांच्या फेरीत एसी, पंखा, हेडलाइट आणि सिग्नलवरचं थांबणं धरलं तर ती फुल व्हायला वेळच मिळत नाही. कायम अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसत जातो आणि तो नंतर चार्जिंगनेही सुटत नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस जिल्ह्यात पूर आणि पाऊस होता तेव्हा गाडी बरेच दिवस जागेवरच उभी राहिली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सेल्फ मारला तर आवाज जड, ओढल्यासारखा. गाडी चालू झाली. पुढच्या काही दिवसांत एक गोष्ट ठळक दिसली. सकाळचा पहिला सेल्फ रडत लागायचा आणि दुपारचा ठणठणीत. अनेकांचा इथेच गैरसमज होतो, "दुपारी चांगली लागते, म्हणजे बॅटरी ठीक आहे." रात्रभर उभी राहून चार्ज सोडते म्हणूनच ती सकाळी रडते. चार्ज न धरणारी बॅटरी हीच म्हातारी बॅटरी.

मग मल्टिमीटर काढला. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी तीन-चारशे रुपयांचा साधा डिजिटल घ्यावा, गॅरेजच्या एका खेपेत पैसे वसूल होतात. नॉब डीसी २० व्होल्टवर, लाल टोक प्लसला, काळं मायनसला. गाडी बंद करून लगेच मोजू नका. चार्जिंग नुकतंच थांबलेलं असताना आकडा फुगीर येतो. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी, दार न उघडता मोजणं उत्तम. त्यासाठी बोनेटची खटकी रात्रीच सोडून ठेवायची.

वाचन असं करायचं. १२.६ किंवा वर म्हणजे फुल. १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. आमची सकाळी १२.३१ दाखवत होती. दुसरं माप सेल्फ मारताना घ्यायचं. घरच्या कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगून आपण मीटरकडे बघायचं. आकडा क्षणभर पडतो, पण ९.६ च्या खाली जायला नको. आमचा ८.९ पर्यंत पडला. तिसरं माप इंजिन चालू असताना. १३.८ ते १४.५ च्या मधे हवं. आमचं १४.२. म्हणजे ऑल्टरनेटर नीट आहे, त्याच्यावर खर्च करायचा नाही. हे तिसरं माप न घेता बॅटरी बदलली आणि दोष ऑल्टरनेटरचा निघाला, तर नवी बॅटरीही महिन्याभरात आडवी होते. उलट १५ च्या वर आकडा गेला तर ऑल्टरनेटरचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरीला उकळून मारतोय असं समजा.

बॅटरीला दोष देण्याआधी आणखी दोन संशयित सोडवायचे होते.

पहिला, टर्मिनल. प्लसच्या क्लॅम्पवर पांढरी-हिरवट बुरशी साचली होती. कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासली की फसफसून निघते. नंतर साध्या पाण्याने धुऊन, कोरडं करून, क्लॅम्प घट्ट करून वरून व्हॅसलीन. व्हॅसलीन आत नाही, बाहेरून. क्लॅम्प आणि खुंटाच्या मधे धातूला धातूच लागला पाहिजे. जोड खराब आहे का हे मीटरनेही कळतं. एक टोक बॅटरीच्या खुंटावर, दुसरं त्याच्याच क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारायचा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोडच करंट खातोय. आमचं साफ केल्यावर ०.०५ आलं. सेल्फ तसाच जड.

दुसरा, गळती. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) थोडा करंट घेत असतात. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. मोजायला मायनसची केबल सोडायची, मीटर १० अँपिअरच्या खोबणीत लावायचा, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सोडलेल्या केबलला. दारं बंद, किल्ली बाहेर, आणि अर्धा तास थांबायचं, कारण गाडीचे कंट्रोलर झोपायला वेळ घेतात. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो. आमची गळती २८ मिलिअँपिअर, म्हणजे निर्दोष. हिशेब करून बघा. २८ मिलिअँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला पाऊण एएचच्या आतच. ३५ एएचची धडधाकट बॅटरी यावर पंधरा दिवस उभी राहिली तरी दोन तृतीयांश भरलेली उरते. पण जिची खरी ताकद घसरून पंधरा-सोळा एएचवर आलीय, ती तेवढ्याच दिवसांत झोपते. पार्किंग मोडवर चालणारा डॅशकॅम असेल तर तो एकटाच दोन-तीनशे मिलिअँपिअर ओढू शकतो. तो आधी काढून मोजा.

शेवटची घरगुती परीक्षा म्हणजे लांबची फेरी. तुळजापूरला जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर झाले. संध्याकाळी तासाभराने १२.५२, दुसऱ्या दिवशी सकाळी १२.२८. एका रात्रीत एवढी घसरण, तीही गळती नसताना. निकाल लागला होता.

वसुबारसेच्या आसपास एका सकाळी नुसती टकटक झाली आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले. शेजारच्यांच्या गाडीवरून जंप दिला. ही पद्धत अनेकांना तोंडपाठ वाटते आणि नेमकी शेवटच्या जोडात चुकते. दोन्ही गाड्या बंद. लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि काळीचं चौथं टोक मेलेल्या बॅटरीला लावायचंच नाही. ते त्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी पडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. मग चांगली गाडी चालू करून पाच मिनिटं थांबा आणि नंतर सेल्फ मारा. काढताना उलटा क्रम. बारीक, हलक्या केबल घेऊ नका, गरम होतात आणि करंट पोचत नाही.

खरं सांगायचं तर त्या सकाळी चिडचिड झाली. ऐन दिवाळीत गाडी हवी, आणि कंपनीचा तपासणारा माणूस भाऊबीजेनंतरच येणार. तोवर रोज रात्री मायनसची केबल सोडून ठेवली. दहा नंबरचा पाना आणि दोन मिनिटांचं काम. ऑटोमॅटिक लॉक असलेल्या गाडीत हे करताना किल्ली आत ठेवू नये आणि डिकीत काही अडकवू नये, वीज गेल्यावर डिकी उघडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. ही बॅटरी ४३ महिने चालली. वाईट चालली का? सोलापूरच्या मानाने नाही. बॅटरी म्हणजे शिशाच्या प्लेटा आणि गंधकाम्ल यांच्यातली रासायनिक क्रिया, आणि तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग दुपटीच्या घरात जातो. प्लेटांची जाळी गंजण्याचा वेगही तसाच वाढतो. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ ला असतो, उन्हात उभ्या गाडीचं बोनेट उघडलं तर आत हात धरवत नाही. त्या दोन-अडीच महिन्यांत जाळी गंजते, पाणी उडतं, प्लेटांवरचा मसाला सैल होऊन तळाशी साचतो. तरी उन्हाळ्यात गाडी बिनतक्रार लागते, कारण गरम बॅटरी ताकद जास्त देते आणि गरम इंजिन ऑइल पातळ असल्याने स्टार्टरला कष्ट कमी पडतात. हवा थोडी गार झाली की दोन्ही सवलती जातात आणि मे महिन्यात झालेलं नुकसान ऑक्टोबरात उघडं पडतं. "थंडीने बॅटरी गेली" हे सोलापुरात ऐकलं की हसू येतं. इथे थंडी असते कुठे?

म्हणून आमचं मत असं. इथे उन्हात उभी राहणाऱ्या आणि गावातच फिरणाऱ्या गाडीची बॅटरी तीन ते साडेतीन वर्षं गृहीत धरावी. सावलीत उभी राहणारी आणि आठवड्यातून एकदा तासभर हायवेला धावणारी असेल तर चार, क्वचित पाच. वर्षं मोजण्यापेक्षा उन्हाळे मोजा. तिसरा उन्हाळा सोसला की प्रत्येक दसऱ्याच्या आसपास तपासणी. गाडी धुऊन झेंडूचा हार घालतोच आपण, त्यात बोनेट उघडून मीटर लावायला पाच मिनिटं जास्त लागतात.

सोमवारी, २७ ऑक्टोबरला बॅटरी काढून दुकानात नेली. बरोबर मूळ बिल, वॉरंटी कार्ड, आरसीची प्रत. कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख होती, गाडीचा नंबर मात्र लिहिलेला नव्हता. तो बिलावर होता म्हणून निभावलं. काउंटरवर बॅटरीच्या अंगावरचा सिरीयल नंबर कार्डावरच्या नंबराशी ताडून बघतात. तो घासला गेला असेल तर तिथेच गाडं अडतं. विक्रीची नोंद ऑनलाइन झालेली असेल तर मोबाइल नंबरवरून सापडते. खाजगी गाडीची वॉरंटी टॅक्सीला पूर्ण लागू होत नाही. फुटलेली पेटी, वितळलेला खुंट, कोरड्या पडलेल्या प्लेटा आणि नुसती डिस्चार्ज झालेली बॅटरी यांनाही वॉरंटी नसते. नुसती डिस्चार्ज म्हणजे चार्ज करून परत देतात.

पावती देऊन दुकानदार म्हणाले, "मालक, आधी चार्जिंगला लावू. फुल झाल्याशिवाय टेस्ट करून उपयोग नाही. तोवर सर्व्हिसची बॅटरी लावून देतो."

हे बरोबर आहे. उपाशी बॅटरीची परीक्षा घेऊन निकाल देणारं दुकान असेल तर तिथून उठा. सर्व्हिस बॅटरीला भाडं घेतलं नाही. काही ठिकाणी अनामत घेतात, आधी विचारून घ्यावं. पावतीवर बॅटरीचा सिरीयल नंबर लिहून घ्या, दुकानात एकसारख्या डझनभर पडलेल्या असतात.

चार्जिंग साधारण एएचच्या दहाव्या हिश्शाने करतात, म्हणजे ३५ एएचला साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास. "दोन तासांत फास्ट चार्ज करून देतो" याला नाही म्हणा. गरम होऊन उरलीसुरली प्लेटही वाकते.

कंपनीचा माणूस गुरुवारी, ३० तारखेला आला. तपासणी समोर उभं राहून बघण्यासारखी होती. आधी त्याने छोटं डिजिटल यंत्र लावलं. त्यात बॅटरीचा ठरीव सीसीए टाकायचा, म्हणजे एका झटक्यात करंट देण्याची ताकद. ठरीव ३००, मोजलेला १६८. मग वरच्या सहा टोप्या, म्हणजे आतल्या सहा सेलांच्या (कप्प्यांच्या) तोंडावरच्या, उघडून हायड्रोमीटर. काचेच्या नळीत आम्ल ओढायचं आणि आतला तरंगता काटा वाचायचा. फुल बॅटरीत घनता १.२६ ते १.२८ हवी. त्याच्या भाषेत बाराशे साठ, बाराशे ऐंशी. तो एकेक सेल वाचत गेला, "बाराशे पन्नास... बाराशे पन्नास..." आणि तिसऱ्या सेलला थांबला. अकराशे तीस. पुन्हा ओढून बघितलं, तेच. पुढचे तिन्ही पुन्हा बाराशे पन्नास. तिसऱ्या सेलमधलं आम्ल पाणचट आणि कोऱ्या चहासारखं तपकिरी. सुटलेल्या मसाल्याचा तो रंग. सेलांमध्ये ५० पॉइंटांचा फरक पडला तरी बॅटरी संपली म्हणतात, इथे १२० चा होता.

आता एक गंमत बघा. त्याच वेळी त्याच बॅटरीचा व्होल्टेज १२.४२ होता. नुसत्या मीटरने बघणारा म्हणेल, पाऊण भरलीय, ठीक आहे. सेलचा व्होल्टेज ढोबळमानाने घनता अधिक ०.८४ असा निघतो. पाच सेल २.०९ चे, म्हणजे १०.४५. उरलेला तिसरा सेल १.९७ चा. बेरीज बरोबर १२.४२. पाच चांगले सेल एका मेलेल्याला झाकून घेतात. सेल्फचा शंभर-दीडशे अँपिअरचा भार आला की तो एकटा कोसळतो आणि बाकीचे पाच काही करू शकत नाहीत. म्हणून उभ्या गाडीच्या व्होल्टेजवर कधीच थांबू नका, सेल्फ मारतानाचा आकडा बघाच. सीलबंद बॅटरीवर हिरवा डोळा असतो, त्याचंही तसंच. तो डोळा सहांपैकी एकाच सेलमध्ये असतो. हिरवा असूनही बॅटरी मेलेली असू शकते.

दुसऱ्या दिवशी दावा मंजूर. आणि खरा हिशेब इथून पुढे सुरू होतो, कारण प्रोराटा मंजूर झाला म्हणजे फायदा झाला असं नाही.

४४वा महिना चालू होता. कार्डामागच्या तक्त्याप्रमाणे त्याला २० टक्के सूट. ही सूट छापील किमतीवर, म्हणजे एमआरपीवर. तीच बॅटरी ५,६०० रुपये एमआरपीची. २० टक्के म्हणजे १,१२०, भरायचे ४,४८०, आणि जुनी बॅटरी कंपनी ठेवून घेणार. आता दुसरा रस्ता. दावा न करता तीच बॅटरी रोखीने घ्यायची. एमआरपीला कुणीच विकत नाही. दुकानातला भाव ५,०००, त्यातून जुन्या बॅटरीचे ७५० वजा. द्यायचे ४,२५०. म्हणजे वॉरंटीचा "फायदा" घेतला तर २३० रुपये जास्त! दुकानदाराने हे आपणहून सांगितलं नाही, विचारल्यावर मात्र दोन्ही आकडे सरळ लिहून दिले. प्रोराटाच्या सुरुवातीच्या महिन्यांत सूट मोठी असते, तेव्हा दावा परवडतो. शेवटच्या वर्षात दोन्ही रकमा कागदावर मांडल्याशिवाय सही करू नका.

आणखी एक बारकावा. फुकट मुदतीत बदलून मिळालेल्या बॅटरीला बहुधा जुनीचीच उरलेली वॉरंटी लागते, नवी सुरू होत नाही. पैसे भरून घेतलेलीला नव्याने सुरू होते. कार्डावर बारीक अक्षरांत असतं, वाचा.

म्हणजे खरा पैसा फुकट मुदतीत आहे, आणि तो बहुतेक लोक सोडून देतात. २४ महिन्यांची फुकट मुदत असेल तर २३व्या महिन्यात गाडी चालत असली तरी बॅटरी दुकानात नेऊन सीसीए आणि घनता तपासून घ्या. सेल कमजोर निघाला तर पूर्ण बदलून मिळते. तोच सेल २५व्या महिन्यात निघाला तर खिशातून भरा.

नवी निवडताना आम्ही ४,२५० ची तीच घेतली नाही. त्याच मापात ३० अधिक ३० महिन्यांची होती, जुनी देऊन ४,९०० ला. दुकानात "साठ महिने वॉरंटी" असा एकच आकडा सांगतात. भाव फुकट महिन्यांनी भागा. ४,२५० भागिले २४ म्हणजे महिना १७७, ४,९०० भागिले ३० म्हणजे १६३. महागडी स्वस्त निघाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा बॅटऱ्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. दुकानात जुन्या छापील किमतीचा माल असेल तर बिल नव्या दरानेच करून घ्या.

माप जुन्याप्रमाणेच हवं. ३८बी२०एल मधला बी हा रुंदी-उंचीचा वर्ग, २० म्हणजे लांबी साधारण २० सेंटीमीटर, आणि शेवटचं एल किंवा आर हे प्लस कोणत्या बाजूला ते सांगतं. उलटी आणली तर केबल पोचत नाही, ओढून-ताणून बसवली तर बोनेटला घासून शॉर्ट होण्याची भीती. खुंट जाड की बारीक हेही बघा. मोठी एएच घेतली म्हणजे जास्त टिकते हा समज सोडा. ट्रेमध्ये नीट न बसणारी बॅटरी हादऱ्यांनी लवकर मरते, आणि आपल्या रस्त्यांना हादरे कमी नाहीत. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार सेल्फ सोसणाऱ्या प्रकारचीच लागते. साधी लावली तर दिवसाला डझनावारी सेल्फ मारून ती वर्ष-दीड वर्षात दमते.

उत्पादनाची तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका. प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा, दुकानदाराकडून वाचून घ्या. सहा महिन्यांपेक्षा जुना माल नको आणि लावण्याआधी मीटरवर किमान १२.५ हवं. पहिली दाखवलेली १२.३८ ची होती, ती परत केली. दुसरी त्याच वर्षाच्या ऑगस्टची, १२.७१.

शनिवारी, ८ नोव्हेंबरला बसवली. सोडताना आधी मायनस, मग प्लस. जोडताना आधी प्लस, मग मायनस. कारण साधं आहे. मायनस जोडलेला असताना प्लसचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. बसवणाऱ्या पोराने जुन्या बॅटरीभोवतीचं जाड काळं कव्हर काढून बाजूला फेकलं होतं, "हे नसलं तरी चालतंय ओ." ते परत मागून घेऊन बसवलं. कंपनीने ते इंजिनच्या उष्णतेपासून बॅटरी वाचवायलाच दिलेलं असतं आणि सोलापुरात तर ते हवंच. वरची पट्टीही घट्ट पाहिजे, हाताने हलवून बॅटरी हलता कामा नये.

बदलल्यावर घड्याळ लावावं लागलं आणि ड्रायव्हरच्या बाजूची काच एका स्पर्शात वर जाईना. काच पूर्ण वर नेऊन बटण तीन-चार सेकंद तसंच धरून ठेवलं की बहुतेक गाड्यांत ती परत शिकते. पहिल्या दिवशी आयडलिंग थोडं वरखाली होतं, घाबरायचं कारण नाही. जुन्या स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधीच शोधून ठेवा. इंजिन चालू करून पुन्हा माप घेतलं, १४.१.

बिलावर बॅटरीचा सिरीयल नंबर, गाडीचा नंबर, जुन्या बॅटरीचे वजा केलेले ७५०, जीएसटी, सगळं लिहून घेतलं. वॉरंटीची ऑनलाइन नोंद ओटीपी टाकून काउंटरवरच झाली. बिल थर्मल कागदावर असेल तर लगेच फोटो काढा, वर्षभरात कोरं होतं. जुनी बॅटरी गल्लीतल्या भंगारवाल्याला देण्याचा मोह काहींना होतो, कारण तो शंभर-दोनशे जास्त देतो. तो आम्ल गटारीत ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवलं जातं. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून ती दुकानातच परत करावी.

देखभालीचं थोडक्यात. टोप्या उघडणारी बॅटरी असेल तर दर तीन महिन्यांनी, मार्च ते जून दर महिन्याला पाणी बघायचं. प्लेटांच्या वर दहा-पंधरा मिलिमीटर. फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं नाही, बाटलीचं नाही, आणि आम्ल तर कधीच नाही. उन्हाळ्यात शेजारणीच्या कडुनिंबाखाली जागा मिळाली तर जरूर लावा. आठवड्यातून एकदा पाऊण तास सलग चालवा. पुणे हायवेला मोहोळपर्यंत जाऊन आलं तरी झालं. महिनाभर गावाला जाताना मायनस सोडून ठेवा.

एकूण खर्च ४,९०० रुपये बॅटरीचे, बसवणाऱ्याला ५०, मीटर घरात होताच. डिसेंबरच्या सुरुवातीला सकाळी मोजलं तेव्हा १२.६८, सेल्फ मारताना १०.६. फुकट मुदत ८ मे २०२८ ला संपते. तपासणीची तारीख म्हणून एप्रिल २०२८ चा पहिला आठवडा बॅटरीच्या कव्हरवर मार्करने लिहून ठेवलाय.